शिंक, साबण आणि मानमोडी

एखादे काम चांगले चाललेले असताना मध्येच बिघडले की आपण मराठी माणसे विचारतो, "माशी कुठे शिंकली?" माशी शिंकताना कुणी पाहिलेली नाही, तरी दोष मात्र तिच्यावर. घरातून बाहेर पडताना कुणी शिंकले तर उंबऱ्यातून मागे फिरायचे, घोटभर पाणी प्यायचे, क्षणभर टेकायचे आणि मग निघायचे, ही रीत आमच्या आजीच्या पिढीपर्यंत काटेकोर पाळली जात होती. लहान मूल शिंकले की "शतंजीव" म्हणायचे. म्हणजे बघा, शिंकेचा आपण फार जुन्या काळापासून विचार करत आलो आहोत. ती कुणी दिली, केव्हा दिली, एक दिली की दोन दिल्या, याचे सगळे शास्त्र आपल्याकडे तयार होते. शिंकेतून बाहेर काय उडते आणि ते जाऊन कुठे बसते, हा प्रश्न मात्र आपल्याला फार उशिरा पडला. तसा तो जगातही सगळ्यांनाच उशिरा पडला.

दर पावसाळ्यात गोव्यात तापसर्दीची लाट येते. शाळेतून मुले घेऊन येतात, मुलांकडून आईबाप घेतात आणि आईबाप ती कार्यालयात नेऊन पोचवतात. 'फ्लू आहे, आठ दिवसांत जाईल' असे म्हणून आपण गप्प बसतो. पण याच फ्लूने शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशाची लोकसंख्या घटवली होती. हात धुणे, तोंडावर रुमाल धरणे, खिडक्या उघड्या ठेवणे या आज किरकोळ वाटणाऱ्या सवयींना मोठा आणि काहीसा दुःखद इतिहास आहे. तो आज थोडा उलगडून पाहू.

मोडशीपासून सुरुवात

साथीच्या रोगांच्या बाबतीत गोव्याने जगाच्या शब्दकोशात एक शब्द घातला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो शब्द म्हणजे 'मोडशी'. पोटात मोडून येते, उलट्या-जुलाब होतात, त्या दुखण्याला आपण मोडशी म्हणतो. पोर्तुगीजांनी हा शब्द ऐकला आणि त्याचे 'मोरदेशीं' केले. पुढे फ्रेंचांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला आणि आपल्या भाषेत त्याचे चक्क 'कुत्र्याचे मरण' असा अर्थ निघेल असे रूपांतर करून टाकले. शब्दांचाही असा प्रवास असतो.

१५४३ साली गोव्यात मोडशीची भयंकर साथ आली. गास्पार कोर्रेया या पोर्तुगीज इतिहासकाराने तिची हकीकत लिहून ठेवली आहे. इतकी माणसे मरू लागली की लोक घाबरून जाऊ नयेत म्हणून मृत्यूची घंटा वाजवण्यास गव्हर्नराने मनाई केली, असे तो सांगतो. रोग थांबवता येत नसेल तर निदान त्याचा आवाज तरी थांबवावा, ही सरकारी युक्ती तेव्हापासूनची आहे म्हणायची!

त्यानंतर वीस वर्षांनी, म्हणजे १५६३ साली, गार्सिया द ओर्ता या वैद्याचा प्रसिद्ध ग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यात मोडशीवर एक अख्खा संवाद आहे. इथले वैद्य रोग्याला मिरी आणि जिरे घातलेली तांदळाची पेज पाजतात, पायांना डाग देतात, असे तो नोंदवतो. डाग देण्याचा उपयोग शून्य. पण पेजेचा उपयोग खरा होता, कारण शरीरातले पाणी आणि मीठ गेले की ते भरून काढावे लागते, हे आज कुठलाही डॉक्टर सांगेल. आमची पेज त्या काळातही औषधाच्या पंक्तीला बसली होती, हे वाचून गोंयकाराचे मन थोडे सुखावते.

पण पेजेने शहर वाचले नाही. जुने गोवे साथींनी पोखरले. विहिरींचे पाणी आणि सांडपाणी एकमेकांत मिसळत राहिले. माणसे मरत राहिली, उरलेली उठून जात राहिली. १७५९ साली व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीला हलवला आणि १८४३ साली पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. आज आपण जुने गोवे बघायला जातो तेव्हा मोठमोठी चर्चे दिसतात, पण त्यांच्याभोवती राहणारे शहर दिसत नाही. ते शहर शत्रूच्या तोफांपेक्षा रोगराईने अधिक ओस पडले. स्वच्छता हा घरगुती विषय आहे, इतिहासाचा नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या रस्त्यावर एकदा उभे राहून पाहावे.

हडफड्याचा डॉक्टर आणि गाठीचा ताप

आता थेट मुंबईला जाऊ. १८९६ सालच्या सप्टेंबरात मांडवी भागातल्या एका रोग्याला तपासून डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी निदान केले की हा गाठीचा ताप, म्हणजे प्लेग आहे. हे डॉक्टर मूळचे आपल्या बार्देशातले, हडफड्याचे. मुंबईत प्लेग आला आहे हे आधी कोणी ऐकायलाच तयार नव्हते. व्यापारी शहराला अशी बातमी नको असते. पण निदान खरे ठरले. पुढे १९०६ साली व्हिएगस मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. त्या वस्तीत एके काळी गोंयकारांच्या कूडी दाटीवाटीने होत्या. आपली कितीतरी माणसे त्या पुतळ्याजवळून गेली असतील, तो आपल्याच मुलखातला आहे हे माहीत नसताना.

प्लेगच्या काळात सरकारने जे केले ते आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले आहे. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. घरे तपासणे, माणसे उचलून छावणीत नेणे, सामान जाळणे, बायाबापड्यांना रस्त्यात उभे करून तपासणे असे प्रकार झाले. पुण्यात सोजिरांनी हे काम ज्या पद्धतीने केले त्यातून २२ जून १८९७ ची रात्र उगवली आणि चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. एकाच साथीतली ही दोन चित्रे आहेत. एकीकडे दांडगाईने लादलेली स्वच्छता, तर दुसरीकडे रोग्याला स्वतःच्या हाताने उचलणारी माया. लोकांच्या मनात दुसरे चित्र राहिले, आणि पहिल्याचा धसका राहिला.

हा धसका सरकारलाही बसला. त्यामुळे वीस वर्षांनी जेव्हा त्याहून मोठे संकट आले तेव्हा सरकारने सक्ती जवळजवळ केलीच नाही. पत्रके काढली, सल्ले दिले आणि बाकीचे लोकांवर सोडले. ते संकट म्हणजे मानमोडी.

मानमोडी

१० जून १९१८. मुंबईत पोलिसांचे सात शिपाई तापाने आजारी पडून इस्पितळात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर नेमणुकीला होता. पुढच्या आठ-दहा दिवसांत गोदीतले कामगार, जहाज कंपन्यांतले कारकून, तारखात्यातले लोक, टांकसाळीतले कामगार, गिरणीतले मजूर असे एकामागून एक आडवे झाले. महायुद्ध चालू होते आणि सैनिकांची जहाजे मुंबईत येत-जात होती. शहराचे आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांचे म्हणणे असे की मे महिन्याच्या अखेरीस आलेल्या जहाजावरच्या लोकांनी हा रोग आणला. वरच्या सरकारचे म्हणणे असे की शहरच घाणेरडे, जहाजावरच्या लोकांना रोग मुंबईनेच दिला. माशी कुठे शिंकली, यावर सरकारी पत्रव्यवहार सुरू झाला. मी स्वतः सरकारी कारकून असल्याने मला या पत्रव्यवहाराची कल्पना करायला मुळीच कष्ट पडत नाहीत. टर्नरसाहेबांनी मात्र या रोगाचे वर्णन मोठे अचूक केले आहे. रात्रीच्या चोरासारखा तो आला, असे त्यांनी लिहिले.

जूनमधली लाट तशी सौम्य होती. तीन दिवस ताप, अंगदुखी, मग अशक्तपणा. लोकांना वाटले, गेला. सप्टेंबरात तो परत आला तो फुप्फुसे भरून टाकणारा होऊन. साधारणपणे फ्लूने म्हातारी माणसे आणि तान्ही मुले दगावतात. या वेळी वीस ते चाळीस वर्षांची धडधाकट माणसे जाऊ लागली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. मुंबई इलाख्यात त्या काही महिन्यांत दहा लाखांहून अधिक माणसे गेली. सबंध हिंदुस्थानचा आकडा अभ्यासक सव्वा कोटीपासून दोन कोटींच्या आसपासपर्यंत सांगतात. १९११ च्या जनगणनेत आजच्या भारताच्या हद्दीत सुमारे २५.२ कोटी लोक होते, १९२१ मध्ये ते २५.१ कोटी भरले. दहा वर्षांत लोकसंख्या वाढण्याऐवजी घटल्याचे हे आपल्या जनगणनेतले एकमेव उदाहरण आहे.

आपल्या लोकांनी या रोगाला 'मानमोडी' म्हटले. नावातच दुखण्याचे वर्णन आहे. 'इन्फ्लुएंझा' हा मूळचा इटालियन शब्द, त्याचा अर्थ प्रभाव. आकाशातल्या ग्रहताऱ्यांच्या प्रभावाने ही साथ येते अशी तिकडे समजूत होती. म्हणजे ग्रहांना दोष देण्यात आपण एकटे नाही. पण मला 'मानमोडी' हा शब्द जास्त खरा वाटतो, कारण तो रोग्याने दिलेला आहे.

त्या वर्षी पाऊसही रुसला होता. पिके गेली, धान्याचे भाव चढले, दख्खनमधून माणसे मुंबईकडे धावली. डॉक्टरांपैकी बरेच युद्धावर गेलेले. शहरात स्वयंसेवी संस्था आणि ज्ञातिसंस्था पुढे झाल्या. त्यांनी तात्पुरती इस्पितळे उघडली आणि दूध, औषधे, घोंगड्या वाटल्या. या रोगात रोग्याला कुणीतरी वेळेवर पाणी पाजणे, ऊब देणे, हेच निम्मे औषध होते. ज्या खोलीत सगळेच एकदम आजारी पडले त्या खोलीत पाण्याचा तांब्या कोण भरणार?

काय सांगितले गेले आणि कुणी पाळले

त्या वेळी दिलेले सल्ले आज वाचले तर ओळखीचे वाटतात. गर्दीत जाऊ नका. मोकळ्या हवेत राहा, जमल्यास बाहेर झोपा. गुळण्या करा. आजारी पडल्यास अंथरूण धरा, लवकर कामावर जाऊ नका. गंमत अशी की रोगाचे खरे कारण तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ साली एक जंतू दाखवून हाच तो चोर असे म्हटले होते आणि पुष्कळांचा त्यावर विश्वास होता. खरा विषाणू माणसाच्या घशातून वेगळा करता आला तो १९३३ साली, इंग्लंडात. म्हणजे चोर चुकीचा पकडला होता, पण घराला लावलेली कडी बरोबर होती. मोकळी हवा, अंतर आणि विश्रांती हे तिन्ही उपाय आजही खरे आहेत.

पण ते पाळता कुणाला येत होते? इथेच या इतिहासातला खरा प्रश्न आहे. मुंबई शहरातल्या मृत्यूंचे समाजवार आकडे तेव्हा नोंदले गेले. दर हजारी युरोपियनांत ८.३ माणसे दगावली. पारशांत ९. हिंदी ख्रिस्ती लोकांत १८.४, सवर्ण हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२. आणि ज्यांना तेव्हाच्या कागदांत 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले आहे त्यांच्यात ६१.६. म्हणजे युरोपियनांच्या सातपटीहून अधिक आणि सवर्ण हिंदूंच्या तिपटीहून अधिक. विषाणूला जात कळत नाही. कुणाच्या वाट्याला किती चौरस हात जागा, किती बादल्या पाणी आणि किती दिवसांची रजा आली आहे, हे मात्र त्याला नेमके कळते.

त्या 'हिंदी ख्रिस्ती' आकड्यात आपले गोंयकारही आले. गावागावाच्या नावाने मुंबईत कूडी होत्या. जहाजावरचे खलाशी, आचारी, बटलर, नोकरीच्या शोधात आलेली पोरे तिथे उतरत. एक लांबट खोली, भिंतीला लावून ठेवलेल्या प्रत्येकाच्या पेट्या, देवाचा आल्तार आणि रात्री जमिनीवर ओळीने अंथरलेली अंथरुणे. कमी पैशात परक्या शहरात आधार देणारी ही व्यवस्था खरोखर कौतुकाची होती. पण श्वासातून पसरणाऱ्या रोगाला यापेक्षा सोयीची जागा कुठली? "गर्दीत जाऊ नका" हा सल्ला कूडीतल्या किंवा चाळीतल्या माणसाला देणे म्हणजे माशाला पाण्यात भिजू नको म्हणण्यासारखे आहे.

आपले सोवळे

आता थोडे आपल्या घरात डोकावू. आपल्याकडे स्वच्छतेच्या सवयी नव्हत्या असे म्हणणे खोटे होईल. बाहेरून आले की पायरीवर ठेवलेल्या पाण्याने पाय धुवायचे. तोंड न लावता वरून पाणी प्यायचे. कुणाचे उष्टे खायचे नाही, जेवणाच्या पंगतीला केळीचे पान, जेवण झाले की पान टाकून द्यायचे. दुसऱ्याला भेटताना हात हातात न घेता दोन्ही हात जोडायचे. घरात देवी आल्या की रोग्याची खोली वेगळी, दाराला कडुनिंबाचे डहाळे, पैपाहुणा बंद. कारण धार्मिक सांगितले जात होते, पण परिणाम विलगीकरणाचाच होता. यातल्या बऱ्याच सवयी आजच्या शास्त्राला मान्य होतील.

पण सोवळे आणि स्वच्छता या दोन गोष्टी एक नाहीत, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. महिनोन् महिने न धुतलेला रेशमी मुकटा सोवळ्यात चालतो आणि नुकताच साबणाने धुतलेला सुती सदरा ओवळा ठरतो. याला आरोग्यशास्त्रात जागा नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे या सोवळ्याने गावातली काही माणसेच 'अस्वच्छ' ठरवून टाकली. जी माणसे गावाची घाण उचलून गाव स्वच्छ ठेवत होती त्यांना गावाच्या विहिरीवर येऊ दिले नाही. आधी पाणी नाकारायचे आणि मग मळकट म्हणायचे, हा आपला न्याय.

मानमोडीतला तो ६१.६ चा आकडा डोळ्यांसमोर ठेवून पुढच्या काही वर्षांकडे पाहा. १९२३ साली रावबहादूर बोले यांनी मुंबईच्या विधिमंडळात ठराव मांडला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने सर्वांना खुले असावेत. ठराव संमत झाला, पण पाणवठे बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. त्या पाण्याचा हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडले. महाडचा लढा माणुसकीच्या हक्कासाठी होता, तो काही फ्लूसाठी नव्हता, हे उघड आहे. पण हात धुवा असा उपदेश करण्याआधी हात धुण्याइतके पाणी प्रत्येकाच्या दारी आहे का हे विचारावे लागते, हा धडा आरोग्याच्या इतिहासानेही महाडकडूनच घ्यावा.

साबण, बालदी, तुवाल

सर्वसामान्य माणूस पूर्वी हात राखेने नाहीतर मातीने घाशी, केस रिठ्याने, शिकेकाईने धुई. वड्यांचा विलायती साबण आपल्या देशात बाजारी माल म्हणून आला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. सनलाइट १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरला, लाइफबॉय १८९५ मध्ये आला. पण साबण ही वस्तू आणि शब्द त्याआधीच ओळखीचे होते. अरबीत साबून, पोर्तुगीजात सबांव, ही सगळी एकाच घराण्यातली भावंडे. पाणी भरायची बालदी ही पोर्तुगीज 'बाल्द'. अंग पुसायचा तुवाल हा पोर्तुगीज 'तुवाल्य'. आपल्या न्हाणीघरातला अर्धा शब्दसंग्रह असा समुद्रावरून आला आहे. रोगही समुद्रावरून आले आणि ते धुवायची साधनेही.

साबणाने नेमके काय होते ते थोडक्यात सांगतो. फ्लूच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे एक पातळ आवरण असते. तेलकट ताटाचा ओशटपणा नुसत्या पाण्याने जात नाही, साबणाने जातो, तसेच हे आवरण साबणाने फुटते आणि विषाणू निकामी होतो. त्यासाठी वीस सेकंद तरी हात चोळावे लागतात. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा आणि अंगठा यांकडे आपले नेहमी दुर्लक्ष होते. नळाखाली हात दाखवून काढून घेणे म्हणजे नैवेद्य दाखवण्यासारखे आहे, त्याने विषाणूचे पोट भरते, आपले काम होत नाही.

हा विषाणू दाराच्या मुठीवर, टेबलावर, नाण्यावर अशा कडक आणि गुळगुळीत पृष्ठभागावर एक-दोन दिवस तग धरू शकतो. कपड्यावर आणि कागदावर त्याचे आयुष्य कमी. हातावर तर आणखी कमी, पण हात आपण दिवसातून शेकडो वेळा डोळ्यांना, नाकाला, तोंडाला लावतो, त्याला तेवढी सवड पुरते. हात नीट धुण्याने सर्दी-तापासारखे श्वसनाचे आजार साधारण १६ ते २१ टक्क्यांनी कमी होतात. हा आकडा प्रामाणिक आहे. तो शंभर टक्के नाही, कारण फ्लू मुख्यतः हवेतून, शिंकेतून, खोकल्यातून आणि बोलण्यातूनही पसरतो. म्हणून हाताच्या जोडीला रुमाल हवा आणि रुमालाच्या जोडीला उघडी खिडकी हवी. रुमाल नसेल तर कोपरात शिंकावे, तळहातात नाही, कारण तोच तळहात पुढच्या क्षणी दुसऱ्याच्या हातात जातो.

त्यात आपल्या गोव्याची एक अडचण आहे. विलायतेत फ्लू हिवाळ्यात येतो, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर त्याचा जोर पावसाळ्यात असतो. बाहेर धो धो पाऊस, खिडक्या बंद, आत दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि कोंदट हवेत बसलेले सगळे घर. जुन्या घरांना राजांगण होते, उंच छप्पर होते, कौलांतून हवा खेळत असे. आता आपण फ्लॅटमध्ये राहतो आणि काचा लावून पंखा फिरवतो. पंखा हवा फिरवतो, बदलत नाही. पावसाची झड थांबली की दहा मिनिटे समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडाव्यात. लस घ्यायची असेल, विशेषतः घरात वयस्क, मधुमेही, दमेकरी किंवा गरोदर बाई असेल तर, ती पावसाळ्याआधी घ्यावी, छत्र्या काढतो त्या सुमारास.

आमचे कार्यालय

सरकारी कार्यालय हे रोगप्रसाराच्या अभ्यासासाठी उत्तम ठिकाण आहे. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते आणि प्रत्येक टेबलावर कुणीतरी अंगठा जिभेला लावून पान उलटतो. नोटा मोजतानाही तेच. पूर्वी प्रत्येक टेबलावर पाण्यात भिजवलेल्या स्पंजची एक छोटी वाटी असे. ती खरेदीच्या यादीतून केव्हा गळाली ते कुणाच्या लक्षात आले नाही. ही वाटी दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, पण तिच्यामागे निदान एक विचार होता. कुणाची जीभ कुणाच्या कागदाला लागू नये, हा तो विचार.

एका पावसाळ्यात आमच्या विभागातला एक शिपाई तापाने फणफणलेला कामावर आला. रोजंदारीवरचा माणूस. घरी जा म्हटले तर म्हणाला, "साहेब, आज गेलो तर आजचा रोज कोण देणार?" त्याच्या म्हणण्याला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हते. तो संध्याकाळपर्यंत चहाचे कप फिरवत राहिला. पुढच्या सोमवारी आमच्या हजेरीपटावर निम्म्या नावांपुढे रजा होती. आम्हा कायम नोकरांना रजा मिळाली, पगारासकट. तो मात्र गुरुवारपर्यंत आला आणि मग आला नाही. आठवड्याने परत आला तेव्हा गालफडे बसलेली होती आणि आठवड्याचा रोज बुडालेला होता.

२००९ साली स्वाइन फ्लू आला तेव्हा पुण्यात मास्कसाठी रांगा लागल्या, शाळा बंद झाल्या. २०२० मध्ये करोना आला आणि १८९७ चा तोच साथरोगांचा कायदा पुन्हा कपाटातून बाहेर निघाला. त्या वेळी आपण सगळे हात धुवायला शिकलो, नमस्काराचे महत्त्व जगाला सांगू लागलो, दाराबाहेर पाण्याची बालदी आणि साबण ठेवू लागलो. मग साथ ओसरली आणि बालदी आत गेली. सार्वजनिक ठिकाणी थुंकण्याविरुद्ध गोव्यात १९९७ चा कायदा आहे, तरी बसस्थानकाचे कोपरे लाल आहेत ते आहेतच. कायद्याने सवय लागत नाही, भीतीने लागते पण टिकत नाही. ती लागते लहानपणी, जेवणाआधी हात दाखव म्हणून दटावणाऱ्या आईमुळे, आणि टिकते ती नळाला पाणी असेल तर.

म्हणून वाचकहो, हात धुवा, रुमाल बाळगा, खिडकी उघडा, ताप असेल तर घरी बसा, हे सगळे मी सांगणारच. पण मानमोडीच्या त्या आकड्यांनी शिकवलेली गोष्ट याच्या एक पाऊल पुढची आहे. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईला, कार्यालयातल्या रोजंदारीच्या माणसाला, दुकानातल्या पोराला ताप आला तर त्याला घरी बसता येईल का, हे आपण बघायला हवे. ते आपल्या हातात आहे. त्याचा दिवसाचा रोज न कापणे हाही रोग थांबवण्याचा उपायच आहे, आणि तो साबणाइतकाच जुना आणि साधा आहे.

साबण, बालदी, तुवाल यांच्याबरोबर पोर्तुगीजांनी आपल्याला आणखी एक शब्द दिला, जो आज सगळा महाराष्ट्र आणि गोवा महिन्याच्या एक तारखेला उच्चारतो. तो म्हणजे 'पगार'. न्हाणीतले तीन शब्द आपण लगेच आपलेसे केले. आजाऱ्याच्या बाबतीत हा चौथाही त्यांच्याच रांगेत ठेवला तर यंदाच्या पावसाळ्यात माशी जरा कमी शिंकेल.